बाळ फडावर, नोंद गावात

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून नवरा-बायकोच्या जोड्या, म्हणजे कोयते, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, चुलीवरची भांडी, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे. शाळेत जाणारे मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येते. अंगावर पिणारे ठेवता येत नाही. त्यामुळे घरातले जे मूल सर्वांत नाजूक, तेच हमखास गाडीत बसते आणि पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत काढते.

या स्थलांतराच्या आरोग्याकडे राज्याचे लक्ष गेले ते २०१९ मध्ये, गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्यानंतर शस्त्रक्रियेआधी सरकारी परवानगीची अट आली, हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी सुरू झाली. आणखी एक पाऊल उचलले गेले, ज्याची चर्चा मात्र फार झाली नाही. टोळीबरोबर जाणाऱ्या काही बायकांनाच प्राथमिक प्रशिक्षण आणि औषधांची पेटी देऊन टोळीची आरोग्य साथी म्हणून पाठवण्याचा प्रयोग जिल्ह्यात झाला. ताप, जुलाब, कोयत्याची जखम, पाळीच्या तक्रारी यांवर पहिला उपचार तिने करायचा आणि गरज पडल्यास दवाखान्याची वाट दाखवायची, अशी ही कल्पना.

हा प्रयोग वाढवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण कोणत्या दिशेने वाढवावा, हे आधी ठरले पाहिजे. आज ही साथी मुख्यतः मोठ्या माणसांच्या दुखण्यासाठी आहे. तिचे काम गरोदर बाई, बाळंतीण आणि सहा वर्षांखालील मूल यांच्यापर्यंत गेले पाहिजे. त्यासाठी तिला आणखी एक दिवसाचे प्रशिक्षण देऊन भागणार नाही. तिला मोबदला हवा, पाठबळ हवे आणि जिथे टोळी उतरते तिथल्या आरोग्य यंत्रणेत तिला जागा हवी.

शिरूर कासार तालुक्यातली एक गरोदर बाई डोळ्यांसमोर आणू. दसऱ्याच्या सुमारास तिला सातवा महिना लागला आहे. गावात आशाताईंनी तिची नोंद केली आहे, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याकडे आहे, अंगणवाडीच्या यादीत नाव आहे. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर कऱ्हाडकडे जाते, कारण उचल जोडीच्या नावावर घेतलेली आहे. ती गेली नाही तर नवऱ्याचा अर्धा कोयता होतो आणि फिटायचे कर्ज डोक्यावर राहते. आठव्या-नवव्या महिन्यात ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. हे कल्पनेतले टोकाचे चित्र नाही. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेची जी माहिती २०२५ मध्ये वृत्तपत्रांत आली, तिच्यानुसार त्या हंगामात दीड हजारांवर महिला गरोदरपणात ऊसतोड करत होत्या.

डिसेंबरच्या मध्याला ती बाळंत होते. नशीब बरे असेल तर ग्रामीण रुग्णालयात. दोन-तीन दिवसांत ती कोपीत परतते. इथून पुढचे वेळापत्रक पाहा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन पाहायचे असते. वजन करायचे, अंग गार पडले आहे का ते बघायचे, बाळ नीट ओढते का, श्वास जोरात चालतो का, नाळ लाल झाली आहे का हे तपासायचे. या सहाही भेटी हंगामात येतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या तारखा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या अखेरीस येतात, म्हणजे त्याही हंगामात. २०१८ पासून लहान मुलांसाठी तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना आणखी पाच गृहभेटी ठरवून दिल्या आहेत, त्यातली पहिलीही मार्चमध्येच. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ही बाई एप्रिलमध्ये गावी येते तेव्हा बाळ चार महिन्यांचे होत आलेले असते. आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ ते कोणत्याही रजिस्टरबाहेर जगून आलेले असते. जगून आले असेल तर.

गावातल्या आशाताईंचा यात दोष नाही आणि कऱ्हाडकडच्या आशाताईंचाही नाही. आशांचे मानधन बरेचसे कामावर आधारित आहे. नवजात बाळाच्या ठरलेल्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये, पुढच्या पाच भेटींचे ५० रुपयांप्रमाणे आणखी २५०. नोव्हेंबरमध्ये बीडच्या गावातली आशा अर्ध्या रिकाम्या वस्तीत फिरते. तिची यादी जागेवर असते, माणसे नसतात. त्याच वेळी कारखान्याच्या गावातल्या आशाच्या शिवारात शेकडो माणसे उतरलेली असतात, पण ती तिच्या सर्वेक्षणात नसतात. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा हा हिशेब कायम राहणाऱ्या माणसांचा आहे. तिच्या डोक्यावर आधीच किती कामे आहेत हे २०२३ च्या संपाच्या वेळी सगळ्या राज्याने ऐकले. त्या आंदोलनानंतर २०२४ मध्ये राज्याने आपल्या वाट्याचे मानधन पाच हजारांनी वाढवले, तेही किती तगाद्यानंतर. अशा बाईने फडावर, कधी कधी चार-पाच किलोमीटर आत, तिची नसलेली बाळंतीण शोधत जावे, अशी अपेक्षा केवळ माणुसकीच्या भरवशावर ठेवता येत नाही. काही जणी जातात, हे त्यांचे मोठेपण.

म्हणून टोळीतलीच बाई हवी. ती त्याच कोप्यांच्या रांगेत राहते. रात्री बाळ रडले तर तिला ऐकू येते. बाळंतीण तिच्याशी लाजत नाही.

ही कल्पना बीडला परकी नाही. आष्टी-पाटोद्याच्या सीमेला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० मध्ये काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या, बहुतेक कधी शाळेत न गेलेल्या, अनेकदा दलित आणि गरीब घरांतल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्या काळी दुष्काळाने पिचलेल्या या टापूत कुणाला वाटले नव्हते की अक्षरओळख नसलेली बाई बाळंतपणातला धोका ओळखेल, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचवेल. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्यकामांवर पुस्तक काढले तेव्हा जामखेड त्यात होते. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडचे खरे बळ पुरस्कारात नव्हते. सेविका दर आठवड्याला केंद्रावर येत, आपल्या गावातल्या केसेस सांगत, चुका उघड बोलत, नवे शिकून परत जात. त्यांचे प्रशिक्षण कधी संपलेच नाही.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे, आणि ते थेट नवजात बाळांचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूत घरी जाऊन बाळ तपासत, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनसुद्धा देत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी हीच पद्धत इतर संस्थांनी वापरून पाहिली. मग २०११ मध्ये ती आशांच्या हाती देशभर गेली. वर ज्या सहा भेटी मोजल्या त्यांचे मूळ गडचिरोलीत आहे.

प्रयोगाचा विस्तार झाला की काय वाढते आणि काय गळते, हेही याच उदाहरणात दिसते. भेटींचे वेळापत्रक देशभर पोचले, रकान्यांचा फॉर्म पोचला. आरोग्यदूताच्या हातातले इंजेक्शन मात्र आशापर्यंत आले नाही. तिच्या मागे नियमित येऊन तिचे काम डोळ्यांनी पाहणारी, बाळाचे वजन पुन्हा करून बघणारी देखरेखही त्या ताकदीने आली नाही. गडचिरोलीत जी गोष्ट एका बाईच्या हाताने आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या यंत्रणेने मिळून घडली, तिच्यातली बाई तेवढी आपण देशभर नेली. बीडच्या प्रयोगाबाबत हीच भीती वाटते. साथींची संख्या वाढवणे सोपे आहे. एका सभागृहात बोलवा, पेट्या वाटा, छायाचित्र काढा. जानेवारीच्या एखाद्या रात्री कोपीत बाळ निळे पडले तर ती कुणाला फोन करणार, आणि तो उचलला जाणार का, हे अवघड आहे.

मोबदल्याचा प्रश्न तर टाळताच येणार नाही. ऊसतोडीत बाईचा वेळ टनात मोजला जातो. जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते आणि २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. साथीने बाळंतिणीजवळ दोन तास काढले, किंवा तिला घेऊन दवाखान्यात पूर्ण दिवस घालवला, तर तिच्या नवऱ्याच्या मोळ्या कमी पडतात, गाडी भरायला उशीर होतो आणि मुकादम खाडा लावतो. म्हणजे दुसऱ्याचे बाळ वाचवण्याची किंमत तिने स्वतःच्या उचलीतून फेडायची. जामखेडच्या सेविका पगारी नोकर नव्हत्या हे खरे, आणि सेवाभावाचा दाखला देताना त्यांचेच नाव घेतले जाते. पण त्या आपल्या गावात, आपल्या घरात राहून काम करत होत्या आणि संस्था त्यांना पोटापाण्याचे उद्योग उभे करायला मदत करत होती. उचल अंगावर घेऊन परमुलखात कोयता चालवणाऱ्या बाईकडून तसाच त्याग मागणे अन्याय होईल. साथीला हंगामभर ठरावीक मानधन आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाची भरपाई, दोन्ही मिळाले पाहिजे. तिच्या जोडीला त्या दिवसाचा खाडा लागणार नाही, हे मुकादमाच्या आणि कारखान्याच्या करारात लिहून घेतले पाहिजे.

पैसा कुठून, असे विचारले जाईल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि राज्याने तेवढीच भर घालायची, अशी त्याच्या निधीची रचना ठरली. महामंडळाची वसतिगृहे हवीतच, पण वसतिगृहात सहा महिन्यांचे बाळ राहू शकत नाही. या निधीतला ठरावीक हिस्सा साथींच्या मानधनासाठी बाजूला काढला तर दरवर्षी नव्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही. आपल्याकडे प्रयोग बंद पडतात ते बहुतेक वेळा अपयशामुळे नाही, मार्चअखेर संपणाऱ्या निधीमुळे. या प्रयोगाच्या बाबतीत तर मार्च हा ऐन हंगामातला महिना आहे.

ब्राझीलच्या सेआरा राज्याची गोष्ट या संदर्भात आठवते. तोही अवर्षणाचा मुलूख. १९८७ च्या दुष्काळात तिथल्या सरकारने रोजगार हमीसारखे काम म्हणून हजारो गरीब स्त्रियांना घरोघरी जाऊन मुलांचे आरोग्य पाहण्यासाठी घेतले. दुष्काळ संपला, तरी हे काम राज्याने बंद केले नाही. १९९१ मध्ये ते देशभर नेले गेले आणि २००६ मध्ये या सेविकांच्या नोकरीच्या दर्जासाठी ब्राझीलने राज्यघटनेत दुरुस्ती केली. संकटातून सुरू झालेले काम पुढे हक्काच्या नोकरीपर्यंत पोचले. आपल्याकडे अंगणवाडी १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांत प्रयोग म्हणून सुरू झाली. पन्नास वर्षांनी ती देशभर आहे, पण तिच्या सेविकेला अजून मानधनी म्हणतात आणि २०२३-२४ च्या हिवाळ्यात तिला पुन्हा रस्त्यावर बसावे लागले. नव्या साथीला आपण याच वाटेने नेऊ नये.

माहितीच्या बाजूने राज्य काही पावले पुढे गेले आहे, याची नोंद घ्यायला हवी. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-मुलांचा माग ठेवणारी 'महा-एमटीएस' प्रणाली शेजारच्या जालन्यासह सहा जिल्ह्यांत वापरून पाहिली आणि नंतर राज्यभर नेण्याचे ठरवले. गावातल्या अंगणवाडीतून नाव निघाले की ते उतरलेल्या ठिकाणच्या अंगणवाडीला दिसावे, हा हेतू योग्य आहे. पण ऊसतोड टोळी एका ठिकाणी थांबत नाही. एका शिवारातला ऊस संपला की गाडी दुसऱ्या शिवारात जाते, कधी दुसऱ्या तालुक्यात, आणि हा बदल रात्रीत ठरतो. बेळगाव भागातल्या कारखान्याकडे गेलेली टोळी तर राज्याच्या यंत्रणेबाहेरच जाते. टोळी आज कुठे आहे हे पडद्यापेक्षा टोळीतल्या बाईला आधी कळते. तिने केलेला एक फोन बीडच्या आशाला आणि तिथल्या आरोग्यसेविकेला जोडू शकतो. त्या फोनवर कारखाना परिसरातल्या आशाने बाळाला भेट दिली, तर ते बाळ कुणाच्या यादीतले हे न पाहता तिला भेटीचे पैसे मिळाले पाहिजेत. हा बदल छोटा आहे, एका परिपत्रकाचा आहे, आणि बाकी सगळ्यापेक्षा तो लवकर परिणाम दाखवेल असे आम्हाला वाटते.

साथीची निवड कुणी करायची, यावरही काळजीने बोलले पाहिजे. मुकादमाने नाव सुचवले तर ती मुकादमाच्याच घरातली असण्याचा संभव मोठा, आणि मग ज्या तक्रारी त्याच्यापर्यंत जाऊ नयेत त्याच तिथे पोचतील. निवड टोळीतल्या बायकांनी, गावातल्या आशाताईंसमोर करावी. साथीकडे जमणारी माहितीही जपून वापरली पाहिजे. या जिल्ह्याच्या बायकांच्या शरीरांची आकडेवारी अनेकदा मथळ्यांत आली आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, राज्यात सर्वांत कमी, म्हणून बीडचे नाव देशभर झाले. त्यानंतर गर्भपिशव्यांचे आकडे. गरोदर बायांची यादी ही दवाखान्यापर्यंत वाट करून देण्यासाठी आहे. ती चुकीच्या हातात गेली तर काय होते, हे बीडइतके दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने भोगलेले नाही.

आणि मोजणी. गडचिरोलीचे काम जगाने मानले, कारण तिथे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला गेला, जिथे आरोग्यदूत नव्हत्या तिथलाही. किती साथींना प्रशिक्षण दिले, किती पेट्या वाटल्या, हे आकडे आपल्याला काहीच सांगत नाहीत. या हंगामात किती बायका गरोदर गेल्या, किती बाळंत झाल्या, कुठे झाल्या, बाळाचे जन्मवजन किती होते, किती बाळांच्या सहा भेटींपैकी निदान तीन झाल्या, किती बाळे दगावली. साथी असलेल्या टोळ्यांत आणि नसलेल्या टोळ्यांत. हे दोन-तीन तालुक्यांत दोन हंगाम नीट मोजले तर कामाचे कोणते रूप टिकते ते कळेल. आंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून उभे आहे. तिथल्या समाजवैद्यक विभागाकडे ही मोजणी सोपवता येईल. अभ्यास म्हणूनही याहून महत्त्वाचा विषय त्यांना आपल्या जिल्ह्यात सापडणार नाही.

कारखाने आणि मुकादम यांची बोलणी उन्हाळा सरता सरता सुरू होतात. उचल पावसाळ्यात वाटली जाते. पोळ्यापर्यंत कोणती जोडी कोणत्या टोळीत, कोणत्या कारखान्याला, हे बहुतेक ठरलेले असते. साथींची निवड, त्यांच्या मानधनाची तरतूद, खाड्याची अट आणि पलीकडच्या जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी लेखी बोलणे हे सगळे त्याच महिन्यांत, श्रावण संपायच्या आत व्हायला हवे. गाड्या भरल्यावर तपासणी शिबिर घेऊन उपयोग नाही. तेव्हा ती बाई एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने गाडीचा दांडा धरून बसलेली असते.